‘कॉकटेल’ची कुळकथा

शब्दाची व्युत्पत्ती सापडली नाही की तिच्या जागी गोष्ट येऊन बसते. ‘कॉकटेल’च्या वाट्याला अशा अनेक गोष्टी आल्या. त्यांतील सर्वांत लाडकी न्यू ऑर्लीन्सची. तेथील औषधविक्रेता पेशो आपला कडू अर्क ब्रँडीत मिसळून अंड्याच्या पेल्यातून देई. त्या पेल्याच्या ‘कोकतिए’ या फ्रेंच नावाचे अमेरिकनांच्या तोंडी ‘कॉकटेल’ झाले, असे सांगतात. गोष्ट सुरेख आहे. फक्त तिला सनावळी मानवत नाही. पेशोचा जन्म १८०३ चा, आणि त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमधील एका वृत्तपत्रात हा शब्द पेयाच्या अर्थाने छापून आला होता.

१८०६ च्या मे महिन्यात हडसन गावच्या ‘द बॅलन्स’ या पत्राने तर त्याची व्याख्याच दिली: कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. निमित्तही बोलके होते. निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराच्या दारूखर्चाची यादी पत्राने थट्टेने छापली होती. तीत हा शब्द पाहून एका वाचकाने अर्थ विचारला. संपादकांनी व्याख्येबरोबर टोलाही हाणला. हा पेला ज्याने गिळला तो पुढे काहीही गिळायला तयार होतो, म्हणून प्रतिपक्षाच्या उमेदवाराला हे पेय फार उपयोगी! मतदारांना पाजण्याची कला तेव्हाही चांगलीच प्रगत होती म्हणायची. व्याख्या मिळाली, व्युत्पत्ती मात्र नाही. शेपूट छाटलेल्या, अस्सल रक्ताच्या नसलेल्या घोड्याला इंग्रजीत ‘कॉकटेल’ म्हणत. मिश्रणाचा अर्थ तेथून आला असावा, हे त्यातल्या त्यात सयुक्तिक. पण तेही अनुमानच.

कॉकटेलहून जुने मिश्रपेय ‘पंच’. त्याचे नाव आपल्या ‘पाच’वरून पडले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. १६७३ साली मुंबईत आलेल्या डॉक्टर जॉन फ्रायरने, गोव्याच्या आरकापासून इंग्रज करीत त्या पेयाचे नाव पाच घटकांवरून पडल्याचे १६९८ च्या आपल्या प्रवासग्रंथात नोंदविले आहे. परंतु पेशोला लावलेली कसोटी फ्रायरलाही लावली पाहिजे. हा शब्द १६३२ सालच्या एका पत्रात आधीच येतो, आणि पंचाचे घटक काही नेहमीच पाच नसत. मद्याच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, त्यावरून हे नाव आले असेही एक मत आहे. तरी पारडे ‘पाच’कडे झुकते. कारण १६३२ चे ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने लिहिले होते, आणि तेही पूर्व किनाऱ्यावरील पेटापोलीच्या वखारीतील आपल्या सहकाऱ्याला.