मापावरची मूठ

२४ ऑगस्ट १९९८ला इंटेलने एकाच दिवशी जे प्रोसेसर विक्रीला काढले त्यांत हे दोन होते. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्‌झचा, घाऊक भाव ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्‌झचा, १४९ डॉलर. पहिला ऐपतवाल्यांसाठी, दुसरा काटकसर करणाऱ्यांसाठी. पण थोड्याच दिवसांत हौशी मंडळींच्या लक्षात आले की एक आकडा बदलला की हा दीडशे डॉलरचा सेलेरॉनही ४५०वर बिनतक्रार चालतो, आणि बऱ्याच कामांत त्या महागड्या भावंडाच्या बरोबरीने धावतो.

यात जादू नव्हती, साधा गुणाकार होता. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डचा ठोका गुणिले चिपमधला गुणक. सेलेरॉनचा गुणक साडेचार, ठोका ६६ (नेमका ६६.६७) मेगाहर्ट्‌झ, म्हणून ३००. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता, ठोका मात्र मदरबोर्डच्या हातात होता. तो १०० केला की साडेचारशे झाले. त्या वेळच्या ४४०बीएक्स चिपसेटला १०० हा अधिकृतच वेग होता, त्यामुळे मेमरी आणि बाकीची कार्डे जागच्या जागी सुखात राहत. ताण पडे तो फक्त प्रोसेसरवर. त्याच्या पोटातली कॅश १२८ किलोबाइटच होती, पण प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम टूची चौपट मोठी असूनही निम्म्या वेगाने. अबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डवर जंपर हलवण्याचीही गरज नव्हती. बायोसच्या पडद्यावर जाऊन हवा तो आकडा निवडायचा. ज्यांच्या बोर्डावर ती सोय नव्हती ते प्रोसेसरच्या कार्डावरची एक विशिष्ट पिन चिकटपट्टीने झाकत, की बोर्डाला वाटे हा १०० मेगाहर्ट्‌झवालाच आहे.

तो आकडा मीही बदलला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण संगणकाचे सुटे भाग घ्यायला जाणारा कोणी ते नाव घेत नसे) खोक्यांत भरून आणलेले भाग जमिनीवर पसरून जोडलेले, कॅबिनेटचे झाकण उघडे, शेजारी टेबलफॅन. ६६च्या जागी १०० केले, सेव्ह केले, आणि काळ्या पडद्यावर ४५० उमटेपर्यंतचे ते काही क्षण. आपण विकत घेतलेल्या वस्तूशी आपले काही बोलणे होऊ शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

हा जास्तीचा वेग यायचा कुठून? चिपांचीही हापूससारखी प्रतवारी होते. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून शेकडो चिपा निघतात, त्या तपासून कोणती किती वेगाला टिकते ते ठरवतात आणि त्याप्रमाणे शिक्का मारतात. पण बाजारात मागणी स्वस्त मालाला जास्त. कारखान्याची घडी बसली, बहुतेक चिपा चांगल्या निघू लागल्या, तरी स्वस्त शिक्क्याच्या पेट्या भराव्याच लागतात. मग अव्वल फळही दुय्यम पेटीत जाते. त्यात कंपनीला हमी द्यायची असते की कोंदट खोलीत, स्वस्त पॉवर सप्लायवर, धूळ खाल्लेल्या पंख्याखालीही चिप वर्षानुवर्षे चालेल. म्हणून शिक्का सावधपणे मारला जाई. भाजीवाली माप भरल्यावर वर मूठभर घालते, तशी ही मूठ प्रत्येक चिपेत असे. कुणाच्या वाट्याला मोठी, कुणाच्या छोटी. यालाच सिलिकॉनची लॉटरी म्हणत.

ती मूठ काढून घेण्याच्या कलेला ओव्हरक्लॉकिंग हे नाव मिळाले, आणि तिचे स्वतःचे हातखंडे तयार झाले. २०००च्या सुमारास एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉन चिपांवर गुणकाचे कुलूप म्हणजे पाठीवर उघड्यावर दिसणारे, तोडून ठेवलेले बारीक पूल होते. कंपासपेटीतली पेन्सिल घ्यायची आणि ते पूल शिशाने जोडायचे. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, कुलूप उघडते. पुढे २००७मध्ये इंटेलचा चार कोअरचा क्यू६६०० आला, २.४ गिगाहर्ट्‌झचा. चांगला हीटसिंक लावून तो ३.६ला नेणारे थोडे नव्हते. पुन्हा दीडपट.

या कामात घाई चालत नसे. ठोका थोडा वाढवायचा, यंत्र सुरू होते का पाहायचे. अडखळले तर व्होल्टेज एक पायरी वर. पण प्रत्येक पायरीची किंमत असते: उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के वाढवायला व्होल्टेजही दहा टक्के वाढवावे लागले, तर चिपेची वीज तेहतीस टक्क्यांनी वाढते. हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून जानेवारीत स्थिर चाललेले सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात कोलमडे. शेवटी प्राइम९५ हा मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा. सकाळी पडद्यावर एकही चूक नसेल तर जिंकलो. ज्यांनी हे केले त्यांना व्होल्टेज, उष्णता, मेमरीच्या वेळा यांचे नाते पुस्तकाशिवाय समजले. माझ्या मते या छंदाची खरी कमाई हीच, मेगाहर्ट्‌झ नव्हे.

मग जानेवारी २०११मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली. तिच्यात मूळ ठोका सगळ्या यंत्राला एकत्र बांधला गेला. तो जरा वाढवला की डिस्कपासून यूएसबीपर्यंत सगळेच बिघडू लागे. वाट उरली ती फक्त गुणकाची, आणि मोकळा गुणक नावामागे ‘के’ हे अक्षर असलेल्या, थोड्या महाग चिपांनाच. आय५-२५००के ही त्यातली लाडकी चिप: ३.३ची, साध्या हवेच्या कूलरवर साडेचारला सहज जाणारी. लोकांनी डोक्यावर घेतली, आणि योग्यच केले. पण स्वस्त चिप घेऊन महागड्या चिपेला गाठायचे, हा या छंदाचा कणा त्याच वर्षी मोडला असे मला वाटते. आता मूठ हवी तर तिचे वेगळे पैसे होते.

त्याहून मोठा बदल चिपेच्या आत झाला. तिथे उष्णता, प्रवाह, व्होल्टेज मोजणारे सेन्सर आले आणि चिप स्वतःच आपला वेग ठरवू लागली. इंटेलने याला टर्बो बूस्ट म्हटले. २०१७पासूनच्या एएमडी रायझनमधली व्यवस्था पंचवीस मेगाहर्ट्‌झच्या बारीक पायऱ्यांनी, सतत, वर-खाली करत राहते. एकच कोअर राबत असेल तर त्याला जास्त वेग, सगळे राबत असतील तर थोडा कमी. माणूस रात्र जागवून जे शोधत होता ते चिप क्षणोक्षणी शोधते. आता हाताने सगळ्या कोअरना एकच वेग बांधून दिला, तर एका कोअरवरची कामे उलट मंदावतात. म्हणजे कष्ट करून यंत्र हळू केल्यासारखे होते.

ग्राफिक्स कार्डांचे तेच. एनव्हिडियाने मार्च २०१२च्या जीटीएक्स ६८०मध्ये जीपीयू बूस्ट आणले. पुढे व्होल्टेज आणि विजेची मर्यादा बायोसमध्येच पक्की झाली. कार्डाच्या खोक्यावर ‘ओसी’ लिहून कंपन्याच थोडे मेगाहर्ट्‌झ वाढवून विकू लागल्या. ४५० वॉटची आरटीएक्स ४०९० हाती आली की आणखी वीज ओतून हाती पडतात दोन-चार टक्के. खेळताना ते डोळ्यांना दिसतही नाहीत.

२०२१ साल या गोष्टीत माझ्या मनात अडकून राहिले आहे. इंटेल २०१२पासून थोडे जास्त पैसे घेऊन एक विमा देत असे: ओव्हरक्लॉक करताना चिप जळाली तर एकदा बदलून मिळेल. तो विमा २०२१मध्ये बंद झाला, कारण तो घेणारे कमी झाले. त्याच वर्षी अमेरिकेतले सिलिकॉन लॉटरी नावाचे दुकान बंद झाले. चिपा तपासून, त्यांतल्या जास्त वेगाने चालणाऱ्या निवडून विकणे हाच त्याचा धंदा होता. निवडण्यासारखा फरक फारसा उरला नव्हता. बीएच६ बनवणारी अबिट तर २००८च्या अखेरीसच संपली होती.

विक्रम मात्र होत राहिले. ऑगस्ट २०११मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० द्रवरूप हेलियमच्या थंडीत ८.४२९ गिगाहर्ट्‌झवर गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. कारखान्यातून त्याला कमाल ४.२ची परवानगी होती. विक्रम तिच्या दुप्पट. ऑक्टोबर २०२३मध्ये इंटेलचा आय९-१४९००केएफ हेलियमवरच ९.०४ला पोहोचला. पण त्याला कारखान्यानेच ६.० दिले होते; विक्रम जेमतेम दीडपट. बारा वर्षांत माणसाचा हात सात टक्के पुढे गेला, कारखाना त्रेचाळीस टक्के. मूठ कुठे गेली ते या चार आकड्यांत दिसते.

ती मापातच आली. कंपन्यांनी बारीक काटा आणला आणि शेवटच्या ग्रॅमपर्यंत तोलून दिले. बायोस कधीही न उघडणाऱ्या माणसाला आज घेतलेल्या चिपेचा जवळजवळ सगळा वेग मिळतो, हे न्याय्यच आहे. तो पूर्वी फक्त माझ्यासारख्यांना मिळत होता. पण काटा किती घट्ट धरावा यालाही मर्यादा आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिपा वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज खाऊन अकाली कमकुवत होऊ लागल्या. २०२४मध्ये कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. जुन्या हौशी माणसाला जी भीती रात्री झोपू देत नसे, ती आता साध्या ग्राहकाच्या घरात, कशालाही हात न लावता, शिरली होती.

म्हणून जी मंडळी अजून बायोसमध्ये जातात, त्यांतली बरीच उलट दिशेला निघाली आहेत. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. वेग तोच ठेवायचा आणि व्होल्टेज एकेक पायरी खाली आणायचे. २०२०च्या रायझन ५००० पिढीपासून एएमडीच्या चिपांत कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. प्रत्येक कोअरला वेगळा आकडा देता येतो, कारण एकाच चिपेतले कोअरही सारख्या प्रतीचे नसतात. ४०९०सारख्या कार्डाची वीज मर्यादा तीस टक्क्यांनी उतरवली तरी खेळातला वेग थोडाच घटतो, आणि खोलीही कमी तापते. विजेच्या बिलाचा आणि मे महिन्याचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे लगेच पटावे.

गेल्या उन्हाळ्यात मी तेच करत बसलो होतो. वजा दहा, मग वजा पंधरा, वजा वीसला एक कोअर अडखळला. त्याला परत पंधरावर आणले, बाकीचे वीसवरच ठेवले. पंख्याचा आवाज इतका खाली आला की घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. झोपण्यापूर्वी प्राइम९५ लावून ठेवला. सकाळी चहा ठेवायच्या आधी पडद्यापाशी गेलो.