वार्धक्यातील तोल आणि पडद्यावरील खेळ

वार्धक्य हा वाताचा काळ. व्यानाची गती मंदावते, श्लेषक कफ क्षीण होतो, मांसाचे बळ घटते. याचा परिणाम रुग्णाच्या पावलात लवकर दिसू लागतो. तरीही आपल्या रुग्णपत्रिकेत संधिशूल, मलावष्टंभ, निद्रानाश यांचीच नोंद होते. ‘गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत राहणारे कित्येक ज्येष्ठ एकदा पडले की जिना उतरणेच सोडतात. भीतीने हालचाल कमी होते आणि हालचाल कमी झाल्याने तोल अधिकच ढासळतो. खुब्याचे हाड मोडले तर शय्येवरील प्रत्येक आठवडा उरलेसुरले बळ घेऊन जातो.

या संदर्भात अंग हलवून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांचा विचार आम्ही वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहोत. नातवंडे अंगठ्याने खेळतात ते खेळ हे नव्हेत. २००७ च्या अखेरीस निन्टेन्डो कंपनीने जपानमध्ये वजनकाट्यासारखी एक फळी विक्रीस आणली. तिच्या चार कोपऱ्यांतील संवेदक कोणत्या पायावर किती भार आहे हे ओळखत आणि तो भार पडद्यावर दिसे. २०१० मध्ये आलेले मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ कॅमेऱ्याने हातापायांची हालचाल टिपत असे. दोहोंचे उत्पादन आता थांबले आहे. मात्र त्यांच्यामागील तत्त्व पुढील उपकरणांत टिकून आहे.

डोळे, अंतःकर्ण आणि पाय व सांधे यांतील स्पर्शस्थितीचे ज्ञान या तिन्हींच्या मेळातून तोल सांभाळला जातो. पाय घसरला असता वाचवते ते वेळेवर टाकलेले दुसरे पाऊल. पडद्यावर खूण उमटताच योग्य दिशेस पाऊल टाकणे, चुकीच्या खुणेवर ते आवरणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, याचाच सराव हे खेळ देतात. इंद्रिय, मन आणि चेष्टा तिन्ही एकाच वेळी कामास लागतात.

याचा भरीव पुरावा सिडनीहून आला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ वर्षांवरील, स्वतंत्रपणे राहणारे ७६९ ज्येष्ठ होते. एका गटाने घरीच चटईवर पावले टाकण्याचे खेळ खेळावयाचे होते. आठवड्यास १२० मिनिटे, वर्षभर. तुलनागटापेक्षा त्यांच्या पडण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी आढळले. बसून बुद्धीचे खेळ खेळणाऱ्या गटात मात्र लक्षणीय घट झाली नाही. आमच्या मते हाच भाग सर्वांत बोधप्रद आहे : पाऊल उचलल्यावाचून लाभ नाही.

येथे शास्त्राचा आक्षेप येईल. वाग्भटांनी व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांत वृद्धाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. परंतु तो निषेध थकविणाऱ्या श्रमाचा आहे असे आम्ही मानतो. देहास अतिपीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना जागविणारे असल्याचे सुश्रुत सांगतात. चरकांच्या व्यायामलक्षणातही स्थैर्य हे प्रयोजन आहेच. कपाळी घाम, मुखशोष किंवा तोंडाने श्वास दिसताच खेळ थांबवावा.

ज्यांना खुर्चीवरून हातांच्या आधारावाचून उठता येत नाही, ज्यांना भ्रम होतो किंवा उभे राहताच अंधारी येते, त्यांना एकट्याने खेळू देऊ नये. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी आधी करावी. प्रमेही रुग्णाचे तळपाय बधिर आहेत का, हे हाताने तपासावे. भोजनानंतर लगेच खेळू नये. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची हाताशी असावी. पादाभ्यंगाने पायांची सुप्ती जाऊन स्थैर्य येते हे चरकवचन येथे उपयोगी आहेच, पण तेल रात्री लावून नीट पुसून घ्यावे. तेलकट तळवा आणि गुळगुळीत फरशी हा योग आम्हाला कोणत्याही व्याधीइतकाच धास्तीचा वाटतो.

उपकरण परवडत नसेल तर अडत नाही. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ यांच्या आधारे, साध्या व्यायामानेही पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते असे दिसले. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचेला अंगठा लावीत चालणे, एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून सावकाश ऊठबस करणे यांस खर्च नाही. खेळाचे अधिक्य एवढेच की कंटाळा येत नाही, आणि वृद्ध रुग्णाचे पथ्य कंटाळ्यानेच मोडते. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रांत कॅरमच्या शेजारी अशी एखादी चटई सहज मावेल. मंगळागौरीचे खेळ साठीनंतरही हौसेने खेळणाऱ्या भगिनींना हे नव्याने शिकवावे लागणार नाही. त्यांना फुगडीची गिरकी मात्र आवरावयास सांगावी.

पहिल्याच भेटीत एका पायावर किती सेकंद उभे राहता येते ते आधारापाशी पाहून पत्रिकेत लिहावे आणि दर तीन महिन्यांनी, पडण्याच्या नोंदीसह, पुन्हा पाहावे.