मोठ्या मोटारीविषयीं मालकांची साक्ष

ज्याचें जळतें त्याला कळतें, अशी म्हण आहे. आणि मोटारीच्या बाबतींत ती विशेष खरी समजली जाते. मोठी व महागडी मोटार घ्यावयाची झाली म्हणजे शहाणा गृहस्थ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाहीं. जाहिरातीवर तर नाहींच नाहीं. तो तशाच मोटारीचा कोणी मालक गांठतो आणि विचारतो, "गाडी कशी काय आहे?" मालक मनापासून उत्तर देतो, आणि त्या एका उत्तराच्या भरंवशावर पुष्कळ वर्षांच्या शिलकेची वासलात लागते. परंतु आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही दुसरी म्हणही तितकीच खरी आहे. तेव्हां मालकाची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, आणि ती कोणत्या रीतीनें घ्यावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठीं एका प्रत्यक्ष मोटारीचें उदाहरण घेणें सोयीचें होईल. जपानच्या टोयोटा कंपनीनें 'लेक्सस एलएस ४००' या नांवाची मोटार १९८९ च्या जानेवारींत अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील प्रदर्शनांत मांडली, व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ती तेथें विक्रीस आणली. मोटार सेडान जातीची, म्हणजे बंद टपाची, चार दरवाजांची व सामानासाठीं मागें वेगळी डिकी असलेली. लांबी सुमारें ५ मीटर. इंजिन ८ सिलिंडरांचें, ४ लिटरांचें, २५० अश्वशक्तीचें. कंपनीचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनीं १९८३ सालीं आपल्या सहकाऱ्यांपुढें असा प्रश्न टाकला होता कीं, जगांतील उत्तमांत उत्तम मोटारींच्या तोडीची मोटार आपणांस घडवितां येईल काय. सहा वर्षांनीं बाहेर पडलेली ही मोटार हें त्याचें उत्तर होतें. मोठ्या ऐषआरामी मोटारींच्या बाजारांत तोंपर्यंत मर्सिडीझ-बेंझ व बीएमडब्ल्यू या जर्मन कंपन्यांचा दबदबा होता. कॅडिलॅक व लिंकन हीं अमेरिकेंतील जुनीं घराणीं होतीं. टोयोटाचें नांव घेतलें कीं अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढें उभी राही ती लहानशी, काटकसरी गाडी. अशा कंपनीच्या मोठ्या मोटारीस ३५,००० डॉलर मोजणारा पहिला गिऱ्हाईक एका अर्थीं जुगारच खेळत होता. म्हणूनच त्या मालकांचीं मतें आजही अभ्यासण्याजोगीं आहेत.

प्रथम खरेदीसंबंधींचीं मतें. पहिली गोष्ट अर्थातच किंमतीची. तोडीच्या जर्मन मोटारींपेक्षां ही मोटार हजारों डॉलरांनीं स्वस्त होती. शिवाय अमेरिकेंत अधिक पेट्रोल जाळणाऱ्या नव्या मोटारींवर एक स्वतंत्र कर बसतो, गॅलनमागें २२.५ मैलांहून, म्हणजे लिटरमागें सुमारें साडेनऊ किलोमीटरांहून, कमी चालणारी मोटार त्यांत सांपडते. ही मोटार त्यांतून सुटली. दुसरी गोष्ट विक्रीनंतरच्या वागणुकीची. विक्रीला तीन महिने होतात न होतात तोंच दोन मालकांच्या तक्रारी आल्या. त्यांत ब्रेकचा मागील दिवा फाजील तापण्याची एक होती. कंपनीनें १९८९ च्या डिसेंबरांत तोंवर विकलेल्या सुमारें ८,००० मोटारी, सगळ्याच्या सगळ्या, दुरुस्तीसाठीं बोलावल्या. मोटार मालकाच्या घरून न्यावयाची, दुरुस्त करावयाची व परत आणून पोंचवावयाची, आणि त्याबद्दल छदामही घ्यावयाचा नाहीं, अशी व्यवस्था झाली. जेथें जवळपास विक्रेता नव्हता तेथें माणसें विमानानें धाडलीं व गॅरेजें भाड्यानें घेतलीं. वीस दिवसांत काम उरकलें. नव्या कंपनीच्या पहिल्याच मोटारींत दोष निघावा ही नामुष्कीचीच गोष्ट. पण मालकांच्या स्मरणांत राहिली ती दोषापेक्षां दुरुस्तीची तऱ्हा. खरेदीविषयींचें मत मोटारीविषयीं थोडें आणि मिळालेल्या वागणुकीविषयीं पुष्कळ असतें, हें यावरून दिसतें.

आतां चालविण्याविषयीं. या मोटारीची जी स्तुति पहिल्या मालकांनीं केली, व जी जुन्या गाड्या बाळगणारे आजही करतात, ती मुख्यतः शांततेची. कंपनीनें जाहिरातींतही हाच गुण दाखविला होता. बॉनेटवर शँपेनच्या पेल्यांचा मनोरा रचला, चाकें जागच्या जागीं फिरतील अशा रुळांवर मोटार चढविली, आणि ताशीं सव्वादोनशे किलोमीटरांपलीकडे वेग नेला. मनोरा ढळला नाहीं. या शांततेचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आवाज दाबण्याचा सोपा उपाय म्हणजे आंत जाड अस्तरें भरणें; पण त्यानें वजन वाढतें व पेट्रोल अधिक जळतें. मुख्य अभियंते इचिरो सुझुकी यांनीं निराळा मार्ग धरला. आवाज व कंप जेथें उगम पावतो तेथेंच त्याचा बंदोबस्त करावयाचा, हा त्यांचा दंडक होता. इंजिनाची शक्ति मागल्या चाकांकडे नेणारा दांडा शक्य तितका सरळ रेषेंत बसविला. भाग अधिक काटेकोर मापानें घडविले. बाहेरचा आकार वाऱ्याला कमींत कमी अडेल असा केला. वाऱ्याचा विरोध दर्शविणारा अंक या मोटारींत ०.२९ पर्यंत खालीं आला. त्या काळच्या मोठ्या मोटारींत हा आंकडा असामान्य होता. सुमारें ४५० नमुना-मोटारी करून पाहिल्यावर हें साधलें.

परंतु प्रत्येक गुणाचा मोबदला कोठें तरी द्यावाच लागतो. जो खड्डा मागें बसणाऱ्याला कळत नाहीं, तो चालविणाऱ्यालाही कळत नाहीं. स्टिअरिंग फार हलकें आहे, रस्त्याचा स्पर्श हाताला पोंचत नाहीं, ही तक्रार समीक्षकांनीं केली, आणि जर्मन मोटारींची संवय झालेल्या मालकांनींही केली. स्प्रिंगा मऊ ठेवल्या तर धक्के गिळले जातात, पण वळणावर गाडी कलते. कडक ठेवल्या तर वळण झोंकांत घेतां येतें, पण धक्का थेट कण्यांत बसतो. दोन्ही सुखें एकाच वेळीं पुरतेपणीं मिळत नाहींत. म्हणूनच ज्या मोटारीला एक मालक लोण्यासारखी म्हणतो तिलाच दुसरा झोंपाळू म्हणतो, आणि दोघेही खरें बोलत असतात. लांबीचेंही तसेंच आहे. पांच मीटरांची मोटार महामार्गावर डोलत नाहीं. पण अरुंद गल्लींत वळवितांना आणि इमारतीच्या आवारांत लावतांना तीच लांबी जिवावर येते.

तेव्हां साक्षीदार कोणत्या जागेवर बसला होता, हें आधीं विचारावें लागतें. अमेरिकेंत अशा मोटारीचा मालक बहुधा स्वतःच ती चालवितो. भारतांत, विशेषतः मुंबईसारख्या शहरांत, तो पुष्कळदां मागें बसतो व चक्र पगारी चालकाच्या हातीं असतें. येथें स्टिअरिंगच्या हलकेपणाची तक्रार मालकाच्या तोंडून निघण्याचा संभव थोडा. निघेल ती मागें पाय पसरावयास जागा किती, आणि गतिरोधकावर गाडीचें पोट घासतें कीं काय, याविषयीं. लेक्ससचा व्यवहार भारतांत २०१७ सालीं सुरू झाला. अशा कोणत्याही मोटारीविषयीं परदेशी मालकांचीं मतें वाचतांना हा भेद विसरून चालत नाहीं.

आतां बाळ्या-कार्ट्याच्या म्हणीचा विचार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनीं १९५७ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, माणूस एकदां निर्णय घेऊन बसला म्हणजे त्या निर्णयाशीं न जुळणारे विचार त्याला बोचूं लागतात, आणि ती बोच शमविण्यासाठीं तो आपल्या बाजूचे पुरावे जमवूं लागतो. त्याच सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, नुकतीच नवी मोटार घेतलेले लोक इतर मोटारींपेक्षां आपण घेतलेल्या मोटारीच्याच जाहिराती अधिक वाचतात. वास्तविक पैसे देऊन झाल्यावर जाहिरात वाचण्याचें प्रयोजन काय? पण खरेदीनंतरच मनाला धीर हवा असतो, आणि रक्कम जितकी मोठी तितका तो अधिक हवा असतो. लक्षावधि रुपयांची मोटार घेतलेला मनुष्य पहिल्या महिन्यांत तिची निंदा क्वचितच करील. तसें करणें म्हणजे स्वतःच्या अकलेची निंदा करणें होय.

दुसरी एक पाहणी याहून सूक्ष्म आहे. नॉर्बर्ट श्वार्झ व त्यांचे सहकारी यांनीं ती मिशिगन विद्यापीठांत केली. मोटार चालवितांना सामान्यतः कसें वाटतें, असें विचारलें असतां महाग मोटारींच्या मालकांनीं अधिक आनंद सांगितला. पण कामावर जातां-येतांना अगदीं शेवटची जी फेरी केली तींत कसें वाटलें, असें विचारतांच मोटारीची किंमत आणि मालकाचा आनंद यांचा संबंध दिसेनासा झाला. हें चमत्कारिक वाटलें तरी अनुभवाला धरून आहे. रोजच्या फेरींत मन मोटारीकडे नसतें. तें गर्दींत, उशिरांत, कचेरींतील कामांत असतें. मोटारीचा आनंद मोटारीकडे लक्ष असेपर्यंतच मिळतो, आणि लक्ष तर फार दिवस राहत नाहीं. 'सामान्यतः' या शब्दाखालीं मालक जें सांगतो तें बव्हंशीं त्याची कल्पना असते. 'परवां' या शब्दाखालीं सांगतो तो अनुभव असतो.

एकट्या मालकाच्या साक्षींत हे दोष असल्यामुळें पुष्कळांच्या साक्षी एकत्र करण्याची पद्धति निघाली. अमेरिकेंतील जे. डी. पॉवर ही संस्था १९६८ पासून हेंच काम करीत आली आहे. तिचें नांव झालें तें १९७३ सालीं. माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या मोटारी घेतलेल्यांकडून भरून आलेल्या प्रश्नपत्रिकांचा तक्ता मांडतांना असें आढळलें कीं, ठराविक पल्ला ओलांडलेल्या गाड्यांत तीच ती तक्रार पुनः पुन्हां येत आहे. इंजिनांतील एक लहानशी रबरी कडी निकामी होत होती. सुट्या सुट्या मालकांना जो केवळ आपल्या नशिबाचा दोष वाटत होता, तो शंभर जणांच्या हिशेबांत मोटारीचा दोष ठरला. ही संस्था दोन वेगवेगळ्या वेळीं प्रश्न विचारते: एकदां खरेदीनंतर पहिल्या ९० दिवसांच्या अनुभवाविषयीं, आणि एकदां मोटार तीन वर्षांची झाल्यावर, व दर १०० मोटारींमागें किती तक्रारी, हें प्रमाण काढते. लेक्ससनें १९९० च्या पहिल्या प्रकारच्या पाहणींत अव्वल स्थान मिळविलें, आणि जपानी मोठ्या मोटारीविषयींचा संशय बराचसा फिटला. मात्र अलीकडच्या पाहण्यांत 'तक्रार' या शब्दाचा अर्थच पालटत चालला आहे. तींत इंजिनापेक्षां चालकापुढील पडद्याच्या व दूरध्वनि जोडण्याच्या कटकटींचा भाग मोठा असतो. म्हणून नुसता क्रमांक न पाहतां तक्रार कशाची आहे, हें वाचणें अवश्य आहे.

तीन वर्षांनंतर मोटार पुष्कळदां हात बदलते, आणि तेथून साक्षीचा सूरही बदलतो. हमीच्या मुदतींत दुरुस्तीचा भार कंपनीवर असतो. त्यामुळें पहिला मालक खर्चाविषयीं फारसें बोलत नाहीं. बोलतो तो दुसरा किंवा तिसरा मालक. एलएस ४०० सारख्या नांवाजलेल्या मोटारीविषयींही हे मालक सांगतात कीं, पॉवर स्टिअरिंगचें तेल झिरपून अल्टरनेटरवर पडतें व तो बिघडतो. पुढील फलकावरचे उजळ कांटे वयोमानानें मंद होतात. आणि इंजिनाचा दांतेदार पट्टा ठराविक पल्ल्यानंतर न चुकतां बदलावा लागतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. जुनी मोठी मोटार नव्या लहान मोटारीच्या भावांत मिळूं शकते. तिचे टायर, ब्रेक व मजुरी मात्र मोठ्या मोटारीच्याच दरानें मोजावी लागते. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली मोठी मोटार कित्येक कुटुंबांना महाग पडते ती येथें.

याच्या उलट टोंकाची साक्षही आहे. १९९६ सालची एक एलएस ४०० अमेरिकेंत धांवत राहिली आणि २०१९ सालीं तिनें १० लक्ष मैलांचा, म्हणजे १६ लक्ष किलोमीटरांहून अधिक, पल्ला पुरा केला. या मोटारीच्या घडणीची ही मोठीच पावती होय. तथापि एका गाडीवरून सर्व गाड्यांचा न्याय करणें योग्य नव्हे. जी गाडी अर्ध्या वाटेंतच मोडींत निघाली तिच्या मालकाला साक्षीला कोणी बोलावीत नाहीं, आणि तोही होऊन बोलत नाहीं. दीर्घायुषी मोटारींच्या कथा ऐकतांना या न बोलणाऱ्यांची आठवण ठेवावी.

सारांश, मालकाची साक्ष टाकाऊ नाहीं, पण "गाडी कशी आहे?" या प्रश्नानें ती मिळत नाहीं. मोटार घेऊन किती दिवस झाले? ती स्वतः चालवितां कीं मागें बसतां? गेल्या वर्षीं तेल, टायर, विमा व दुरुस्ती मिळून किती रुपये गेले, आणि ते कोणाच्या खिशांतून गेले? शेवटची फेरी कशी झाली? आणि आज पुन्हां तेवढेच पैसे हातांत असते तर हीच मोटार घेतली असती काय? हे प्रश्न विचारले म्हणजे अभिमानानें बोलणारा मालकही हिशेबानें बोलूं लागतो. शेवटच्या प्रश्नाला तो जर क्षणभर थांबला, तर त्या थांबण्याकडेही लक्ष द्यावें. खरेदीला निघालेल्या कुटुंबाला कधीं कधीं उत्तरापेक्षां तेंच अधिक उपयोगी पडतें.