पायाखालची ऊब : कोरियाचं 'ओंडोल'

थंडीत कोवळ्या उन्हात बसलं की हवा गार असूनही अंगाला ऊब लागते. सूर्याची किरणं हवेला वगळून थेट शरीर तापवतात. कोरियन लोकांनी हेच तत्त्व शेकडो वर्षांपूर्वी घराच्या जमिनीखाली आणलं.

त्याचं नाव ओंडोल. चुलीचा धूर आणि गरम हवा जमिनीखालच्या बोळांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडते. वरच्या जाड दगडी फरशा तापतात आणि विस्तव विझल्यावरही तासन् तास ऊब देत राहतात. चुलीजवळची सर्वांत उबदार जागा मात्र वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची!

आज तिथल्या फ्लॅटमध्ये बॉयलरचं गरम पाणी फरशीखालच्या नळ्यांतून खेळतं. संपूर्ण फरशीच तापत असल्याने ३५ ते ४५ अंशांचं पाणी पुरतं. जुन्या पद्धतीच्या रेडिएटरला ६०-७० अंशांचं लागतं. म्हणूनच कमी तापमानाचं पाणी देताना अधिक काटकसरीने चालणाऱ्या हीट पंपाशी या फरशीची जोडी उत्तम जमते. खोली तापायला वेळ लागतो, हा एक दोष.

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना जपानमध्ये अशी ओंडोलची खोली अनुभवायला मिळाली. १९३७ साली मॅडिसन शहरात पूर्ण झालेल्या जेकब्स हाऊसच्या फरशीखाली त्यांनी त्याच तत्त्वावर ऊब देणाऱ्या नळ्या घातल्या.