शाळा सुटली, दहावी राहिली

अंगणवाडीत मदतनीस व्हायला आता बारावी पास असावं लागतं. २०२३च्या शासन निर्णयानं ही अट आली. त्याआधी मदतनीस सातवीवर आणि सेविका दहावीवर होत असे. एसटीत चालक किंवा वाहक व्हायचं तर दहावी, गावचा पोलीस पाटील व्हायचं तर दहावी, पोलीस शिपाई व्हायचं तर बारावी. १ जानेवारी १९९५ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंचपदासाठी उभं राहायचं असेल तर किमान सातवी. आखाती देशात मजुरीला जाणाऱ्याच्या पासपोर्टवरही दहावीचा फरक पडतो. दहावी पास नसलेल्याला काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी काढावी लागते, दहावी पास असलेल्याला लागत नाही.

अशी एकेक दारं बंद होत असताना ज्यांची शाळा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच सुटली, त्यांनी काय करायचं?

हा प्रश्न तामलवाडीसारख्या गावातून पाहावा. सोलापूर-तुळजापूर महामार्गावरचं, टोलनाक्याचं हे गाव तुळजापूर तालुक्यात, धाराशिव जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. पुढे लगेच सोलापूर जिल्हा सुरू होतो. महामार्गाच्या गावात हॉटेल, पंप, गोदाम, वाहतूक अशी कामं येत राहतात. त्यातली बिनकागदाची कामं गावातल्या माणसांना मिळतात आणि ज्या कामाला पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, कायमपण असतं, तिथं आधी गुणपत्रिका मागतात. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्राचे चारच जिल्हे होते आणि आपला जिल्हा त्यांतला एक होता. इथं शाळा सुटण्याची कारणं सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत. दुष्काळ, घरातलं आजारपण, मुलीचं लवकर उरकलेलं लग्न, आणि ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघालेली कुटुंबं मार्च-एप्रिलला परततात. बोर्डाची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाची दहावी हुकली ती हुशारी कमी पडली म्हणून नव्हे.

“आता या वयात कुठली शाळा?” हे वाक्य अशा घरांत हमखास ऐकू येतं. त्याच्या पाठोपाठ येतं, “पोरं हसतील.” पण या परीक्षांना वरची वयोमर्यादाच नाही. तीस, चाळीस, साठ, कुठल्याही वर्षी बसता येतं. मार्गही एकाहून जास्त आहेत. घोटाळा होतो तो निवडताना. कुणी सांगितलं म्हणून पैसे भरले जातात आणि हाती आलेला कागद ज्या कामासाठी हवा होता त्याला चालत नाही. म्हणून दहावी-बारावी कशासाठी हवी आहे, हे आधी ठरवावं. वर्षातले कुठले महिने घरी असतो आणि कुठला विषय मुळीच झेपत नाही, या दोन गोष्टीही तेव्हाच मोकळेपणानं स्वतःशी बोलून घ्याव्यात.

सगळ्यात रुळलेला रस्ता म्हणजे राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७. शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसायचा हा अर्ज. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण, एवढीच मुख्य अट. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षांचं अंतर पडलेलं असावं. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, जवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं आणि मूळ कागद तिथं नेऊन द्यायचे. परीक्षा, प्रश्नपत्रिका, प्रमाणपत्र सगळं नियमित मुलांसारखंच. त्यामुळे नोकरीच्या ठिकाणी कुणी शंका काढत नाही. तामलवाडीकरांनी एक लक्षात ठेवावं. कामधंदा, दवाखाना, बाजार यांसाठी सोलापूर जवळचं वाटलं तरी सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात येतो आणि धाराशिव जिल्हा लातूर विभागात. संपर्क केंद्र राहत्या पत्त्याजवळचं घ्यायचं असतं, तेव्हा तुळजापूर तालुक्यातली शाळा निवडणं सोयीचं.

जो पूर्वी दहावीला बसून नापास झाला, तो सहसा या फॉर्मवाला नव्हे. तो पुनर्परीक्षार्थी. त्यानं ज्या शाळेतून परीक्षा दिली होती तिथं जुना बैठक क्रमांक, जुनी गुणपत्रिका घेऊन जावं. मार्चला राहिलेले विषय सोडवायला जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षाही असते. ही सोय २०१५ पासून आहे. त्याआधी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि वर्ष वाया जाई.

फॉर्म भरणं सोपं असतं. खरी दमछाक होते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर.

प्राथमिक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. त्यातल्या एका ओळीत तुमचं शालेय आयुष्य लिहिलेलं असतं. अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळेत आल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात बऱ्याचदा ‘सतत गैरहजर’ एवढंच असतं. जन्मतारखेच्या रकान्यात आपल्या खेड्यांतल्या एका अख्ख्या पिढीची तारीख १ जून आहे. जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आलं की गुरुजी वय अंदाजानं धरून जूनची पहिली तारीख टाकत. तो अंदाज त्या वेळी मुलाच्या भल्याचाच होता. पण पुढे आधार कार्डावर दुसरी तारीख आली, मतदार यादीत तिसरी, आणि आज अर्ज भरताना तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा जन्मतारीख छापली गेली की पुढे ती बदलणं महाकठीण. म्हणून जी काही दुरुस्ती करायची ती अर्जाच्या आधी.

बायकांची अडचण आणखी वेगळी. दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं सगळं. मग एक दाखला मागायला माहेरच्या गावी जायचं, रोज बुडवायचा, ‘कशाला हवाय?’ या प्रश्नाला उत्तरं द्यायची. इथंच कितीतरी जणी परत फिरतात. त्यांना सांगायचं ते असं. परीक्षेला दाखल्यावरचं नाव लावायचं, त्यात कमीपणा काही नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवावं, म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवता येतं. मूळ दाखला हरवला असेल तर शाळा दुय्यम प्रत देते, त्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. ज्या मुख्याध्यापकांकडे अशी बाई दाखला मागायला येते, त्यांनी तिला ‘उद्या या’ म्हणू नये. तिचा उद्या फार महाग असतो.

फॉर्म १७चा रस्ता पक्का असला तरी त्यात गणित आहे, विज्ञान आहे, इंग्रजी आहे. बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर, भूमितीचा ४० गुणांचा. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला मधल्या दोन-तीन इयत्तांचे धडे स्वतःच भरून काढावे लागतात. पुस्तकांची ददात नाही, बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. पण शिकवणारं कुणी नसेल तर भूमितीचा सिद्धांत मोबाइलकडे बघून सुटत नाही.

ज्यांना गणिताची धास्तीच आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस आहे. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून ती सुरू झाली, १९८९ मध्ये स्वायत्त झाली. मुख्यालय नोएडाला, आपलं विभागीय केंद्र पुण्याला. इथं दहावीला किमान पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा हवी, आणि गणित सक्तीचं नाही. मराठी माध्यमातून दहावी करता येते. मराठी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान, चित्रकला अशी निवड करूनही रीतसर दहावी होते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. एका खेपेला दोन विषय, पुढच्या खेपेला तीन, असं केलं तरी चालतं. पास झालेला विषय जमा राहतो. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शुल्कात सवलत आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या वर्षाशी हे वेळापत्रक बोर्डाच्या मार्चपेक्षा अधिक जुळतं, कारण एप्रिल-मेमध्ये तो गावी असतो. मला स्वतःला या जिल्ह्यासाठी हाच रस्ता जास्त कामाचा वाटतो. अडचण अशी की अभ्यास केंद्रं आणि परीक्षा केंद्रं बहुतेक मोठ्या गावांत असतात, म्हणून प्रवेश घेण्याआधी केंद्र कुठलं मिळतंय ते पाहावं. शिवाय पुढे डिप्लोमा किंवा तांत्रिक शिक्षणाचा विचार असेल तर गणित-विज्ञान सोडू नये, तिथं ते मागतात.

ज्यांनी पाचवीचंही तोंड पाहिलं नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. २०१७च्या शासन निर्णयानं ते स्थापन झालं आणि पाचवी, आठवी, दहावी अशा पायऱ्या त्यानं ठरवल्या. पाचवीच्या पायरीसाठी वय किमान १०, आठवीसाठी १३, दहावीसाठी १५. शाळेत कधीच न गेलेल्याला दाखल्याऐवजी स्वयंघोषणापत्र देता येतं, ही त्यातली फार मोलाची गोष्ट. आयटीआय केलेल्यांना भाषा विषयांची परीक्षा देऊन समकक्षता मिळवायची सोयही आहे, त्याची चौकशी आपल्या आयटीआयमध्ये करावी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रमाबद्दल मात्र गैरसमज पुष्कळ आहे. पूर्वतयारी पास म्हणजे बारावी पास नव्हे. जिथं भरतीच्या जाहिरातीत बारावी मागितली आहे, तिथं ती बारावी म्हणून चालत नाही.

आणि बसस्थानकावरच्या, विजेच्या खांबावरच्या त्या पत्रकांपासून सावध राहावं. ‘घरबसल्या थेट दहावी-बारावी पास’ म्हणणाऱ्याच्या हातून मिळालेलं प्रमाणपत्र पडताळणीत अडकलं की नोकरी जाते आणि फसवणुकीचा गुन्हा वर लागतो. राज्य मंडळ, राज्य मुक्त विद्यालय मंडळ आणि एनआयओएस, ही तीन नावं पाठ करावीत. चौथं नाव कुणी सांगितलं तर लातूरच्या विभागीय मंडळात विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

प्रौढांना शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम राज्यभर पसरली. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा भरली. सध्या उल्लास योजनेत पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना अक्षरओळख देऊन त्यांची परीक्षा घेतली जाते. हे सगळं चांगलंच आहे. पण सहीपासून दहावीपर्यंतचं मधलं अंतर आपण प्रौढांवरच सोडून दिलं. मुंबईत निदान रात्रशाळा आहेत, दिवसभर राबणारी माणसं संध्याकाळी वर्गात बसून दहावी करतात. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांपुरता आहे. तिशीतल्या बाईला परीक्षेला बसायची परवानगी आहे, पण तिला शिकवायची जबाबदारी कुणाचीच नाही. पाचवीवरून थेट दहावीचा अर्ज भरू देणं ही मोठी मोकळीक आहे. तिला वर्गाची जोड नसेल तर ती बहुतेकांच्या पदरात नापासाचा शेरा टाकते, आणि मग ‘मला जमणारच नाही’ ही समजूत आणखी घट्ट होते.

तामलवाडीत आणि आसपासच्या गावांत शाळांच्या इमारती आहेत, संध्याकाळी त्या रिकाम्या असतात. बचत गट आहेत, त्यांच्या बैठका ठरलेल्या दिवशी होतात. डीएड-बीएड करून भरतीची वाट पाहणारी मुलं-मुली गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीनं एक खोली, एक फळा आणि आठवड्याच्या तीन संध्याकाळी एवढं दिलं, आणि शिकवणाऱ्याला थोडं मानधन दिलं, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गणिताचा पाया पक्का होऊ शकतो. ऊसतोडीला जाणारी माणसं त्या काळात गावातच असतात.

फॉर्म नंबर १७ची मुदत साधारण जुलैच्या सुमारास सुरू होते. नेमक्या तारखा दर वर्षी मंडळ जाहीर करतं, नंतर विलंब शुल्क पडतं. तुमच्या घरात, शेजारी, शेतावर कामाला येणाऱ्यांत कुणाची दहावी राहिली असेल तर त्यांना दाखला आत्ताच काढून ठेवायला सांगा. जमलं तर शाळेत त्यांच्याबरोबर तुम्हीही जा.