सोफ्यामागचे दोन स्पीकर

होम थिएटर घ्यायचं ठरलं की वायरवालं घ्यावं की वायरलेस, हा प्रश्न येतोच. समोरचे तीन स्पीकर आणि सबवूफर टीव्हीच्या आसपासच असतात, त्यांच्या वायरी युनिटमागे सहज लपतात. खरी अडचण सोफ्यामागच्या दोन स्पीकरची.

साध्या स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर नसतो. आवाज काढायला लागणारी ताकद बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून दोन पदरी वायरने येते, म्हणून त्याला वेगळा प्लग लागत नाही. वायरलेस स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो आणि बॅटरीवर चालणारे मोजके सोडले तर प्रत्येकाला स्वतःचा प्लग लागतो. सोफ्यामागे सॉकेट नसेल तर खोलीभर एक्स्टेंशन बोर्ड ओढावा लागतो, आणि त्याची वायर स्पीकरच्या वायरपेक्षा जाड असते. तेव्हा खरेदीआधी मागच्या भिंतीवर सॉकेट कुठे आहे ते बघा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. तांब्याच्या तारेतून सिग्नल जायला लागणारा वेळ शून्यच धरायचा. ब्लूटूथमध्ये आवाज आकुंचित होतो, थोडा साठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडतो. यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. हवेत एक मीटर जायला आवाजाला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. म्हणजे मागचा स्पीकर पन्नास मीटर लांब नेऊन ठेवल्यासारखंच झालं. टीव्ही चित्र जरा थांबवून ओठ आणि आवाज जुळवू शकतो. पण समोरचे स्पीकर वायरवर आणि मागचे ब्लूटूथवर असतील, तर पडद्यावरचा पाऊस पुढे आधी पडतो, मागे नंतर. म्हणून सराउंडसाठी ब्लूटूथ नकोच. वायसासारख्या खास होम थिएटरसाठी केलेल्या पद्धतीत हा उशीर 5 मिलिसेकंदांच्या आसपास असतो आणि एका खोलीत ती नीट चालते. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला हात लावता येत नाही, तिथे मागच्या दोघांसाठी अशी जोडणी मी बिनदिक्कत सुचवेन.

घराचं काम चालू असेल तर मात्र वायरच टाका. झिरी मारताना स्पीकरसाठी वेगळा पाइप घ्या. विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपात ती घालू नका, सुरक्षेच्या दृष्टीने ते चूक आहे आणि घरघरही येऊ शकते. दहा मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते: जाऊन-येऊन वीस मीटरचा रोध पाव ओहमच्या आतच राहतो, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो जेमतेम तीन टक्के. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध सुमारे दीडपट. ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा.

भिंत बंद झाल्यावर कोणती वायर प्लस, कोणती मायनस हे कळेनासं झालं, तर अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवा आणि त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर सेलच्या प्लसला लावलेलं टोक प्लस, आत गेला तर उलट. एखाद्या स्पीकरची जोडणी उलटी राहिली, तर पडदे एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि खर्ज पोकळ होतो.