आडरस्त्यानं कॅटलोनिया

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रवास म्हटलं की एकच गोष्ट आठवते : बदली. कुठंतरी पोचायचं, चार्ज घ्यायचा आणि तीन वर्षांनी तो दुसऱ्याच्या हवाली करायचा. त्यामुळे 2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं बार्सिलोनाला गेलो असताना मुलगा म्हणाला, "बाबा, चार दिवस गाडी काढू, खेड्यापाड्यांतून हिंडू, कुठं पोचायचं ते ठरवायचं नाही," तेव्हा मी आधी नकाशा मागितला. हिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि चिवड्याच्या डब्याखाली घालून टाकला.

गाडी चिरंजीव चालवत होते. मी त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्याकडे जिथं चालक बसतो तिथं. त्यामुळे माझा पाय चारही दिवस तिथं नसलेला ब्रेक दाबत राहिला. मागं ही आणि आठ वर्षांची नात. शाळेला दोन दिवस दांडी मारल्याबद्दल नात खूश असायला हवी होती, पण मंगळवारी शाळेत गुलाबांचा आणि पुस्तकांचा सण होता, तो बुडणार म्हणून तिचं तोंड फुगलेलं.

तोंड माझंही थोडं फुगलेलंच होतं, ते आधीच सांगून टाकतो. नातीला मराठी समजतं, मोडकंतोडकं बोलताही येतं, पण वाचता येत नाही. मी सात कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली एक ओळ तिला लागायची नाही. शाळेत ती शिकते कॅटलान भाषेतून, मैदानावर भांडते स्पॅनिशमधून, आणि घरात इंग्रजी-मराठीची मिसळ. दर वाढदिवसाला मी तिला पत्र पाठवतो, तेही इंग्रजीत. यावरून मुलाला मी चार शब्द सुनावले होते, त्यानं दोन परत केले होते आणि घरात दोन दिवस अबोला झाला होता. ही सहल म्हणजे त्या अबोल्यावरचा उतारा असावा, असा मला संशय आहे.

पहिलं गाव विक. बार्सिलोनाच्या उत्तरेला सत्तरएक किलोमीटरवर. मधोमध प्रशस्त चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या, आणि चौकात फरशी नाही, चक्क वाळूमाती. मंगळवारी आणि शनिवारी तिथं बाजार भरतो. आम्ही शनिवारी पोचलो. वाळवलेल्या मांसाच्या सॉसेजसाठी हे गाव प्रसिद्ध असल्यानं दुकानांतून त्यांच्या माळा लटकलेल्या, आणि आमची ही पक्की शाकाहारी. पण इथल्या पावावर पिकलेला टोमॅटो चोळून, ऑलिव्हचं तेल आणि मीठ घालून खातात. 'पा आंब तुमाकेत' म्हणतात त्याला. हिनं दोन तुकडे संपवले आणि निकाल दिला, "लसूण हवी होती."

मी मात्र सवयीनं बँकांच्या पाट्या वाचत होतो. इथं पूर्वी गावोगावच्या स्वतःच्या बचत बँका असत, आपल्या तालुक्याच्या पतपेढीला जरा मोठं केलं तर दिसेल तशा. 2008 च्या मंदीनंतर त्या एकामागून एक मोठ्या बँकांच्या पोटात गेल्या. विलीनीकरणाचं दुःख मला कुणी समजावून सांगायला नको.

विकहून ओलोतला जायला 2009 पासून डोंगरातून बोगदा झाला आहे. आम्ही जुन्या वळणावळणाच्या रस्त्यानं निघालो. वाटेत रुपित लागलं. दगडी घरं, खाली ओढा, त्यावर झुलता लाकडी पूल. एका वेळी दहाच माणसांनी चढावं अशी सूचना. नातीनं मोजून आमच्यापुढच्या पर्यटकांना थोपवलं, तेही अस्खलित कॅटलानमध्ये, आणि ती मोठी माणसं मुकाट्यानं थांबली.

पुढं ओलोतच्या आसपास जमिनीचा रंगच बदलतो. हा ज्वालामुखींचा मुलूख, सुमारे चाळीस लहानमोठे डोंगर, सगळे आता झोपलेले. सांता मार्गारिदा नावाच्या ज्वालामुखीच्या मुखात हिरवळ आहे आणि हिरवळीच्या मध्यावर एक छोटं देवघर. कास्तेल्फोलित गाव तर पन्नास मीटर उंच काळ्या कड्याच्या अगदी काठावर उभं आहे. कड्याकडे पाहिलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बसाल्ट! आपल्या सह्याद्रीचा पाषाण, अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीला आहेत तसेच उभे खांब. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा जेमतेम दोन लाखांचा, म्हणजे या घराण्यातलं शेंडेफळच. याच काळ्या मातीत सांता पाऊ गावचा पांढरा घेवडा पिकतो. सॉसेज वगळून तो द्या, हे नातीनं खाणावळीतल्या बाईंना समजावून सांगितलं. हिनं दुसऱ्यांदा मागून घेतला. प्रवासात हिनं दुसऱ्यांदा मागून घेतलेला हा पहिलाच पदार्थ.

मंगळवारी, 23 एप्रिलला, आम्ही बेसालूत होतो. फ्लुव्हिया नदीवरचा इथला मध्ययुगीन पूल सरळ नाही, मध्येच कोनात वळतो, कारण नदीतल्या खडकांवर जिथं पाया मिळाला तिथं खांब उभे केले. 1939 साली यादवी युद्धाच्या अखेरीला माघार घेणाऱ्यांनी तो उडवला होता, पुढं पुन्हा बांधला.

त्या दिवशी गावात सांत जोर्दीचा सण होता. रिवाज असा की पुरुषानं बाईला गुलाब द्यायचा आणि बाईनं पुरुषाला पुस्तक. आता दोघंही दोन्ही देतात. 1995 साली युनेस्कोनं जागतिक ग्रंथदिन ठरवला तो याच तारखेला. चौकात टेबलं मांडलेली. एका टेबलामागं ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. आजोबाही पुस्तकं लिहितात, असं नातीनं त्यांना परस्पर सांगून टाकलं. ते बोलू लागले आणि ती वाक्यावाक्याला थांबवून मराठी करू लागली.

फ्रँकोची राजवट 1939 ते 1975. त्या काळात शाळेत कॅटलान नव्हती. हे गृहस्थ घरी, शेतात, बाजारात तीच भाषा बोलत, पण ती लिहायला त्यांना कुणी शिकवलं नाही. सक्तीच्या लष्करी नोकरीत दूर दक्षिणेला असताना आईला पत्रं लिहिली ती स्पॅनिशमध्ये.

"आईशी ते स्पॅनिश कध्धीच नाही बोलले," नात म्हणाली. "पण लिहायला तेच येत होतं. म्हणून पत्रातली आई त्यांना दुसरी कुणीतरी वाटायची."

1980 नंतर, पस्तिशी उलटल्यावर, त्यांनी रात्रीच्या वर्गात आपली भाषा लिहायला शिकून घेतली. तोवर आई गेली होती.

मी मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक विकत घेऊन नातीच्या हातात ठेवलं. गृहस्थांनी हिला गुलाब दिला आणि पैसे घेतले नाहीत.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "आजोबा, तुम्ही मला पत्र इंग्रजीत का लिहिता?"

"तुला मराठी वाचता येत नाही म्हणून."

"पण बाबाला येतं ना. तो वाचून दाखवेल."

चिरंजिवांनी नुसता गियर बदलला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पुढच्या मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला मी मराठीत दोन पानं लिहिली. आठ दिवसांनी मुलाचा फोन आला, "बाबा, तुमचं अक्षर लागत नाही. ती रोज विचारते आहे, पुढं काय झालं म्हणून. जरा मोठ्या अक्षरात परत लिहून पाठवा."